एका तांब्याची पैज

वीरभद्रअप्पांच्या भांड्यांच्या दुकानात गादी होती, लोड होता, पण अप्पांना त्यावर बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. गादीवर गिऱ्हाईक बसायचं आणि अप्पा ओट्यावर येरझाऱ्या घालायचे. रेणापुरात माझं मेडिकल त्यांच्या दुकानाला लागून आहे. मधे एक भिंत आणि पुढं दोघांत मिळून एक ओटा. त्या ओट्यावर दिवसभर त्यांच्या चपला वाजत. सकाळी परातींची उतरंड लावायची, दुपारी ती मनासारखी वाटली नाही म्हणून मोडायची, संध्याकाळी पुन्हा लावायची. गिऱ्हाईक घागर ठोकून बघत असताना यांचं लक्ष रस्त्यावर. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "ए मेडिकल!" म्हणायचे, आणि मी दुकानात माणसं उभी असतानाही ओ द्यायचो, ही माझी किंमत.

"ए मेडिकल, भाईर ये. लवकर ये."

मी औषधाच्या पट्ट्या तशाच टाकून बाहेर आलो. रस्त्यात दोन गावठी कुत्री समोरासमोर उभी होती.

"सांग, कोन पळंल?"

"काळं. लहान आहे ते."

"लहान-मोठं बघू न्हाई, येड्या. मागचे पाय बघ. तांबड्याचे मागचे पाय आताच वळून राहिलेत. तोंड हिकडं हाय, पन पाय घरी निघाले."

तांबडं खरंच पळालं. अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू पळवलं त्यांनीच. असला माणूस शेजारी असला की धंदा होत नाही. मला राग यायचा, आणि पुन्हा हाक आली की मी बाहेरही यायचो.

अप्पांना शर्यतीचं वेड होतं. आमच्याकडं पिकं निघाली, रानं मोकळी झाली की जत्रांमधून कारवानी कुत्र्यांच्या शर्यती होतात. लांब पायांची, खोल छातीची, बारीक कमरेची कुत्री. मोटारसायकलला लांब दोर आणि दोराला चिंध्यांचं गाठोडं. त्या गाठोड्याला सगळे ससा म्हणतात आणि कुत्रीही तसंच समजतात. बघायला गर्दी लोटते. त्या गर्दीत पैसे लावणारे असतात, पण अप्पांच्या बैठकीतली जुनी माणसं पैशाला हात लावत नसत. त्यांची पैज भांड्याची. हरलेल्यानं भांडं जागेवर द्यायचं. जिंकलेल्यानं ते वापरावं, पण विकायचं नाही आणि कुणाला फुकटही द्यायचं नाही. त्याच्या हातून ते जाईल तर पुढच्या पैजेतच. हा नियम कुणी घातला ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तो मोडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

शर्यतीच्या दिवशी माझी जुनी व्हॅन लागायची, म्हणून मीही लागायचो. निघताना एक ठरलेला प्रकार होई. दुकानाच्या मागच्या दारात अप्पांच्या पत्नी महादेवीकाकू उभ्या राहायच्या. काकू उदगीरच्या, बोलणं मोजकं. अप्पा फळीवरचा एक तांब्या उचलून त्यांना दाखवायचे.

"ह्यो नेऊन राहिलो."

काकू तांब्या बघायच्या, मान हलवायच्या. मग तो कापडी पिशवीत जायचा आणि पिशवी माझ्या खांद्यावर. दिवसाला एक तांब्या, एकच पैज. तो गेला की अप्पांचा दिवस संपला. पुढच्या साऱ्या शर्यती नुसत्या बघायच्या. पिशवी माझ्याकडं का, असं मी एकदा विचारलं.

"माझ्याकडं असली तर पहिल्याच कुत्र्याला जाईल," ते म्हणाले. "हात लई बेइमान हाय माझा."

शिरूर अनंतपाळच्या जत्रेत मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो. मला वाटलं होतं कुठंतरी सावलीला बसून मजा बघायची. अप्पांनी मला सगळ्या रानातून फिरवलं, उन्हात, ढेकळांतून. आधी कुत्र्यांची वाहनं उभी होती तिकडं. कुत्रं गाडीतून खाली कसं उतरतं, उडी मारतं की मालकाच्या हाताची वाट बघतं. मग पंजे. नखं सारखी झिजलीत की एका पायाची जास्त. मग धावपट्टी. काळ्या मातीत शिकलेलं कुत्रं मुरमावर बिचकतं, म्हणून खाली वाकून त्यांनी मूठभर माती चोळून पाहिली. मग पहिली फेरी झाली, लोक जिंकलेल्या कुत्र्याभोवती जमले, आणि अप्पा मला दंडाला धरून हरलेल्यांकडं घेऊन गेले.

"जिंकलेलं काय बघायचं? ते सगळ्याला दिसतंय. कुणाला हरवून जिंकलं ते बघ. तीन म्हाताऱ्यांत पहिला आला म्हनून पैलवान होतो का मानूस? आन् हे बघ, हे तिसरं आलंय. पन पानी बघ कसं पितंय. दोन घोट पिऊन वर बघतंय. दम परत आला त्याचा. ह्याला वळणावर धक्का लागला व्हता. पुढच्या फेरीला हेच."

"मग लावा की त्याच्यावर."

"थांब. मालकाचा हात बघ आधी."

मालकाचा हात थरथरत होता. अप्पांनी नाद सोडला. घाबरलेला मालक कुत्रं अर्धा श्वास उशिरा सोडतो म्हणे. मी हसलो. कुत्रं खरंच उशिरा सुटलं आणि दुसरं आलं. त्या दिवशी मला कळलं की हे प्रकरण नशिबाचं कमी आणि अभ्यासाचं जास्त आहे. दहावीला असा अभ्यास केला असता तर मी खरा डॉक्टर झालो असतो.

पण अप्पा सगळं वाचूनही हरायचे. बरेचदा हरायचे. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. त्यांचे हाल सुरू व्हायचे ते तांब्या गेल्यावर. आता लावायचं काही नाही, आणि डोळ्यांना मात्र पुढचं सगळं दिसतंय. ते हात पाठीमागं बांधून फिरायचे, नाहीतर मला शेंगा आणायला लावायचे आणि न खाता नुसत्या फोडत राहायचे. लोक मुद्दाम विचारायला यायचे, अप्पा कोणतं? अप्पा सांगायचे. लोक जिंकायचे. अप्पा माझ्या खांद्यावरची रिकामी पिशवी चाचपायचे.

माझ्या मेडिकलसमोर मोबाइलवर सट्टा खेळणारी पोरं जमायची. त्यांनी एकदा अप्पांना क्रिकेटचं विचारलं. अप्पा भडकलेच. "ज्येला उतरताना बघितलं न्हाई, पानी पिताना बघितलं न्हाई, त्येच्यावर लावता? आन् तुमचा पैसा हाय कुठं? दिसतो का? माझा तांब्या गेला की पिशवी हलकी लागती ह्या मेडिकलच्या खांद्याला. तुमचं खांदं काय बोलतंय?" पोरं हसली. त्यातला एक मात्र नंतर अप्पांच्या मागं मागं शर्यतीला यायला लागला, पण तो विषय वेगळा.

अप्पांचं स्वतःचं कुत्रं नव्हतं. एवढं वेड आणि कुत्रं नाही, याचं मला नवल वाटायचं. याचं कारण मला नायगावच्या गंगाधररावांनी सांगितलं. अप्पांच्या समोरच सांगितलं. नांदेड जिल्ह्यातल्या प्रत्येक शर्यतीला हे गृहस्थ हजर. अंगानं आडवे, आवाज मोठा, आणि हा किस्सा दरवर्षी कुणातरी नव्या माणसाला ऐकवल्याशिवाय त्यांची जत्रा साजरी होत नसे.

खूप वर्षांपूर्वी अप्पांकडं शंभू नावाचा कारवानी होता. लिंगायताचं घर, मटणाचं नाव नाही. शंभू दूध-भाकरीवर वाढला. बाकीचे चेष्टा करायचे, पण शंभू सगळ्यांना मागं टाकायचा. दुकानाच्या मागंच घर. काकू दोन्ही वेळच्या भाकरीला पितळी हंड्यावर थाप मारायच्या, की शंभू जिथं असेल तिथून धावत यायचा. तो हंडा काकूंचा माहेरचा, लग्नात आलेला, त्यावर त्यांचं नाव घातलेलं. नायगावच्या मोठ्या शर्यतीला अप्पांना इतकी खात्री होती, की त्यांनी घरातल्या पाण्याचा तोच हंडा रिकामा करून नेला आणि गंगाधररावांशी पैज मारली.

"शंभू म्होरं," गंगाधरराव सांगायचे. "बाकीचे कुत्रे मागं, लई मागं. आन् हे आमचे अप्पा! खुशीनं येडे झाले. हंडा घेतला काखंत आन् त्येच्यावरच थापा मारत नाचायलेत. धाड धाड धाड! शंभूनं ऐकलं. जेवन आलं! तसा जो मागं फिरला बाबा, ससा सोडून, शर्यत सोडून, सरळ अप्पांच्या पायात येऊन बसला. जीभ काढून! हंड्यात बघायला लागला, भाकर कुठं हाय!"

सगळे पोट धरून हसत. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. अप्पा शेवटपर्यंत ऐकून घेत. मधे "धाड धाड न्हाई, दोनच थापा" अशी दुरुस्ती करत. हंडा तिथंच गंगाधररावांना दिला. शंभू एका शेतकऱ्याला राखणीला दिला. आपलं कुत्रं असलं की माणूस आंधळा होतो, हे अप्पांचं वाक्य त्या दिवसाचं. दुसरं वाक्यही त्याच दिवसाचं, वापरातलं भांडं लावायचं नाही. एका तांब्याचा नियम त्यांनी घरी आल्यावर स्वतःच घालून घेतला. काकू तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढंही कधी बोलल्या नाहीत. त्यांनी प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरायला सुरुवात केली, आणि भांड्यांच्या दुकानदाराच्या घरात ते निळं पिंप शेवटपर्यंत राहिलं. अप्पांनी नवा हंडा आणला तर काकूंनी तो पुसून दुकानात विकायला ठेवला.

अप्पांना तो हंडा परत हवा होता. ते मला स्पष्ट कधी म्हणाले नाहीत, पण नायगावला जायचं म्हटलं की त्यांना आदल्या दिवसापासून घरात चैन पडत नसे. विकत मागण्यात अर्थ नव्हता. गंगाधरराव पैजेच्या नियमाला पक्के. आणि एका तांब्यावर हंडा कुणी लावत नाही.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात नायगावला गेलो. गंगाधरराव जीपमधून उतरले आणि त्यांनी सांगून टाकलं, "ही शेवटची शर्यत बरं का अप्पा. गुडघे गेले. पोराला कुत्र्यांत गोडी न्हाई. वाघ्या पळवायचा आन् उद्या सगळे देऊन टाकायचे." वाघ्या म्हणजे त्यांचा पांढरा, देखणा कुत्रा.

अप्पांनी पहिल्याच फेरीत तांब्या लावला, चिमणी नावाच्या राखाडी कुत्रीवर. दिसायला हडकुळी. मला ती मुळीच आवडली नाही. वळणावर तिला दुसऱ्या कुत्र्याचा धक्का लागला, ती कोलमडली, उठली आणि दुसरी आली. तांब्या गेला. पहिले दोन पुढं जात, म्हणून ती शेवटच्या फेरीत आली. वाघ्याही आला, आरामात, सगळ्यांना मागं टाकून.

अप्पा चिमणीपाशी जाऊन आले. परत गेले. परत आले.

"मेडिकल, पडून उठली तरी डोळा सशावरच व्हता तिचा. दुसऱ्या कुत्र्याकडं बघितलं बी न्हाई. आन् वाघ्या कुणाला हरवून आलाय? बघितलंस का ते बाकीचे? पोटं सुटलेली. त्येला आज कुनी पळवलंच न्हाई. आता पळावं लागंल."

तेवढ्यात गंगाधरराव आले. त्यांच्या गड्यानं जीपमधून काहीतरी काढून त्यांच्या पायाशी ठेवलं. तो हंडा होता. पितळ काळवंडलं होतं, पण नाव वाचता येत होतं. अप्पांच्या तोंडाकडं मला बघवेना.

"शेवटचा दिवस हाय," गंगाधरराव म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "फुकट देता येत न्हाई, तुम्हाला मालूम हाय. वाघ्यावर मी ह्यो लावतो. तुम्ही चिमणीवर काय बी लावा. पिशवी रिकामी असली तर नुसता शब्द द्या, भांडं उद्या पाठवा."

यापेक्षा जास्त माणसानं काय करावं? मी म्हणालो, "लावा अप्पा." मी व्हॅनमधून माझा जेवणाचा डबा आणला, उरलेली पोळी काढून टाकली आणि त्यांच्या हातात दिला. "हा लावा. भांडंच आहे."

अप्पांनी डबा घेतला. झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तिकडं कुत्री ओळीत आणायला लागले होते. अप्पा दहा पावलं गेले आणि परत आले. त्यांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"तुझ्या बायकोच्या वापरातला हाय ह्यो," ते म्हणाले आणि डबा माझ्या छातीवर दाबला. मग गंगाधररावांना म्हणाले, "माझा तांब्या सकाळीच गेला. मी घरी एकच सांगून आलोय."

"अप्पा, पुढल्या शर्यतीला मी न्हाई इथं."

"हाव. ठावं हाय."

कुत्री सुटली. अप्पा माझ्या शेजारी उभे राहून पुटपुटत होते आणि समोर तसंच घडत होतं. आता वाघ्या पुढं. आता वळण. आता त्याची मान वर होईल. मान वर झाली. आता ती आतून येईल. चिमणी आतून आली आणि निघून गेली. वाघ्या तिला गाठू शकला नाही. लोकांनी आरडाओरडा करून रान डोक्यावर घेतलं. गंगाधररावांनी अप्पांकडं एकदा पाहिलं, गड्याला हंडा उचलायला लावला, आणि जीप गेली.

परतीच्या वाटेवर अप्पा संतापले होते. व्हॅनची काच वर-खाली करत होते. "मला दिसत व्हतं! तुला सांगितलं व्हतं का न्हाई? मग कामून लावलं न्हाई मी? कुनाला काय मिळालं ह्याच्यात? तिचा हंडा व्हता, मेडिकल. दारात आलेला." मग, "घरी बोलू नको. तिला कळलं तर लई वाईट वाटंल." मी हो म्हणालो. मलाही रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. इतका नियम काय कामाचा, असंच मला वाटत होतं.

घरी पोचलो तर काकू मागच्या दारात तूर निवडत बसल्या होत्या. मी रिकामी पिशवी खुंटीला लावली. मला गप्प राहायला सांगणाऱ्या माणसानं चपलाही काढल्या नाहीत, उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. हंडा, गंगाधररावांचा शब्द, चिमणी, सगळं. शेवटी म्हणाले, "आज घरी आला असता तो. मी आनला न्हाई."

काकूंचे हात थांबले.

"आन् ती हरली असती तर?"

"हरली नसती. मी सांगतो ना, हरलीच नसती."

"शंभूच्या दिवशी बी तुम्ही ह्याच दारात हेच बोलला व्हता," काकू म्हणाल्या. "हंडा मी माझ्या हातानं रिकामा करून दिलता तुम्हाला."

इतक्या वर्षांत त्या हंड्याबद्दल काकूंच्या तोंडून निघालेलं ते पहिलं बोलणं होतं, आणि त्यात राग औषधालाही नव्हता. त्यांनी सुपातले खडे वेचून बाहेर टाकले. मग विचारलं, "कशी हाय ती चिमणी दिसायला?"

अप्पा खाली बसले आणि सांगू लागले. मी तिथून निघालो. माझं तिथं काही काम नव्हतं.

पुढच्या वर्षी मुलानं दोघांना नांदेडला नेलं. दुकान दुसऱ्यानं घेतलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि ओट्यावर कुणी चालत नाही. मला दिवसभर निवांत धंदा करता येतो आणि तो करवत नाही.

मागच्या महिन्यात औषधांच्या कामासाठी नांदेडला गेलो होतो, तेव्हा त्यांच्याकडं गेलो. तिसऱ्या मजल्यावर घर, पुढं छोटी गॅलरी. अप्पा वाळले होते. मला बघून खूश झाले, पण डोळे रस्त्यावर. खाली कोपऱ्यावर रोज घंटागाडी थांबते आणि गल्लीतली कुत्री तिच्याकडं धावतात. कोणतं आधी पोचेल, यावर नवरा-बायकोची पैज. हरेल त्यानं दुपारची भांडी घासायची.

"ही लई जिंकून राहिली," अप्पा तक्रार करत म्हणाले. "मी पाय बघतो, छाती बघतो, वळण बघतो. हिला काय बी कळत न्हाई. जे जास्त उपाशी दिसतं त्येच्यावर लावती."

"उपाशी हाय ते पळनारच की," काकू म्हणाल्या.

आजचीही त्यांनीच जिंकली होती. अप्पा कोपरापर्यंत साबण लावून भांडी घासत होते, त्यातही तांब्या जरा तिरपा धरून उजेडात बघत होते. तेवढ्यात खालून पुन्हा घंटा वाजली, गाडी दुसऱ्या खेपेला आली होती. अप्पा तसेच उठून गॅलरीत धावले.

"मेडिकल, ये, ये! ते कानतुटकं बघ! अगं, आज अजून एक. एकच. कानतुटकं माझं."

"न्हाई," काकू म्हणाल्या. "दिवसाला एक."

"अगं, मला दिसून राहिलं ना!"

"दिसू द्या."

मी चहा घेऊन निघालो. खाली रस्त्यावर आल्यावर वर पाहिलं. अप्पा कठड्यावरून अर्धे बाहेर वाकले होते. ओठ भराभर हलत होते, हाताचा फेस खाली गळत होता, आणि कानतुटकं त्यांच्या मनासारखं सगळ्यांच्या पुढं धावत होतं. मी हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. मागं काकू उभ्या होत्या. त्याही कुत्र्याकडंच बघत होत्या, आणि एका हातानं त्यांनी अप्पांचा सदरा पाठीशी घट्ट मुठीत धरला होता.